मधुमेही बोका आणि घरचा ग्लुकोमीटर : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

आमच्या परभणीच्या घरातला भुऱ्या हा नसबंदी केलेला, अंगाने भरलेला आणि वयाने उतरणीला लागलेला बोका आहे. गेल्या पावसाळ्यात त्याला मधुमेह असल्याचे निदान झाले आणि तेव्हापासून त्याची रक्तशर्करा तपासणे, दिवसातून दोन वेळा इन्सुलिन देणे व खाणे सांभाळणे हे सर्व घरीच चालू आहे. या काळात जे काही विकत आणले आणि वापरले, त्यांत सर्वांत मोलाचा ठरला तो ग्लुकोमीटर. इन्सुलिन कोणत्या कंपनीचे घ्यावे, खाद्य कोणते आणावे, हे प्रश्न माझ्या मते त्यानंतरचे आहेत.

आधी निदानाविषयी थोडे. भुऱ्या पाण्याच्या भांड्यापासून हलत नव्हता, मातीच्या ट्रेमध्ये लघवीचे मोठमोठे गोळे निघत होते आणि भूक वाढलेली असूनही पाठीचा कणा हाताला लागू लागला होता. मांजर दिवसाकाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पीत असेल, तर तपासणी करून घ्यावी. मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालणे हेही एक लक्षण आहे. वाढलेल्या साखरेमुळे नसांवर परिणाम झाला की मांजर असे चालू लागते. दवाखान्यात घाबरलेल्या निरोगी मांजराचीही साखर बरीच चढते, म्हणून एका आकड्यावर निदान करता येत नाही. आमच्या डॉक्टरांनी लघवीतील साखर पाहिली आणि फ्रुक्टोसामाइन ही रक्तचाचणी करून घेतली. ही चाचणी मागील दोन-तीन आठवड्यांतील साखरेचा अंदाज देते, त्यामुळे त्या दिवशीच्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

मांजराचे रक्त कानाच्या कडेने जाणाऱ्या बारीक शिरेजवळून घेतात. कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले फडके कानाला थोडा वेळ लावून धरले की शीर फुगते. त्यानंतर कडेला व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवायचा, कानामागे कापसाचा बोळा धरायचा आणि लॅन्सेट, म्हणजे टोचायची बारीक सुई, टोचायची. व्हॅसलीनमुळे रक्त केसांत पसरत नाही, मोहरीएवढा गोल थेंब वर उभा राहतो आणि ग्लुकोमीटरच्या पट्टीचे टोक तो लगेच ओढून घेते. नंतर बोळ्याने काही क्षण दाबून धरले नाही तर कानावर काळा डाग पडतो आणि दुसऱ्या दिवशी मांजर कान आखडते. भुऱ्या आता फडके दिसताच स्वतःहून ओट्याखालच्या चटईवर येऊन बसतो, कारण टोचल्याबरोबर त्याला उकडलेल्या चिकनचा एक तुकडा मिळतो.

माणसांसाठीचा ग्लुकोमीटर मांजराची साखर बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो. मांजरांसाठी वेगळी यंत्रे आहेत, परंतु त्यांच्या पट्ट्या महाग पडतात आणि आपल्याकडे सहज मिळत नाहीत. आम्ही साधेच यंत्र ठेवले, ते कधीही बदलले नाही आणि त्याच्या आकड्यांवरून काय करायचे ते डॉक्टरांकडून लिहून घेतले. इन्सुलिन देण्यापूर्वी दोन्ही वेळा साखर पाहायची, ठरलेल्या मर्यादेखाली आकडा आला तर इंजेक्शन न देता त्यांना फोन करायचा, असा नियम आहे. अधूनमधून दर दोन तासांनी दिवसभर मोजून आलेख काढतो, कारण इन्सुलिन दिल्यानंतर साखर किती खाली जाते हे सकाळच्या एका आकड्यावरून कळत नाही. मात्रा वाढवण्याचा किंवा घटवण्याचा निर्णय त्या तळाच्या आकड्यावर होतो.

आता इन्सुलिन आणि सिरिंज. या भागाकडे घरातील प्रत्येकाने लक्ष द्यावे, असे मला कळकळीने वाटते. भुऱ्याला ग्लार्जिन हे इन्सुलिन दिले जाते. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात आणि त्यासाठी नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. आमच्या सासूबाई स्वतः मधुमेही आहेत. त्यांचे इन्सुलिन ४० युनिटचे आणि सिरिंज लाल टोपणाची. ग्लार्जिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत भरले, तर एका युनिटऐवजी अडीच युनिट जातात, आणि चार-पाच किलोच्या जिवाला एवढा फरक बेशुद्धीपर्यंत नेऊ शकतो. म्हणून भुऱ्याचे सामान वेगळ्या डब्यात, फ्रिजच्या वेगळ्या कप्प्यात असते. अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली ०.३ मिलिलिटरची सिरिंज मागवून घ्यावी. मांजराच्या उपचारात अर्ध्या युनिटलाही किंमत असते. इंजेक्शन कुशीवर, कातडीची घडी उचलून देतो आणि जागा रोज बदलतो. सुई काढल्यावर केस ओले लागले, म्हणजे औषध बाहेर सांडल्याची शंका आली, तरी दुसऱ्यांदा टोचायचे नाही. एक वेळ साखर चढलेली परवडते, एकदम उतरलेली परवडत नाही. मांजर झोकांड्या देऊ लागले, एकटक पाहू लागले किंवा झटके आले, तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजची पेस्ट चोळून तत्काळ दवाखाना गाठावा. त्यासाठी मधाची लहान बाटली त्याच डब्यात ठेवली आहे.

खाण्याचा प्रश्न घरात सर्वांत नाजूक ठरला. भुऱ्या लहानपणापासून दुधात कुस्करलेल्या ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला, आणि ती भाकरी सासूबाई स्वतःच्या हाताने घालत आलेल्या. "मुक्या जिवाचं तोंड बांधू नगंस, बाई," असे त्या म्हणाल्या, तेव्हा त्यांची माया खरी होती आणि माझी काळजीही खरी होती. शेवटी तो चिकनचा तुकडा देण्याचे काम त्यांनीच स्वतःकडे घेतले. मांजर हा निव्वळ मांसाहारी प्राणी आहे. भाकरी, पोळी, भात यांतील पिष्ट त्याची साखर चढवते. कोरड्या खाद्यातही पिष्ट पुष्कळ असते. पाकिटावरील प्रथिने, स्निग्धांश, तंतू, पाणी आणि राख यांची बेरीज १०० मधून वजा केली की उरते ते पिष्ट. उदाहरणार्थ, ३२ टक्के प्रथिने, १२ टक्के स्निग्धांश, ३ टक्के तंतू, १० टक्के पाणी आणि ८ टक्के राख असलेल्या कोरड्या खाद्यात ३५ टक्के पिष्ट निघते. बहुतेक ओल्या पाऊचमध्ये ते फारच कमी भरते. नुसत्या उकडलेल्या चिकनवर मांजर कायमचे ठेवू नये, त्यात कॅल्शियम पुरत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, इन्सुलिन चालू असताना पिष्ट एकदम तोडू नये. गरज झपाट्याने घटते, पण मात्रा तीच राहते आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. आम्ही भाकरी हळूहळू कमी केली आणि त्या काळात साखर अधिक वेळा मोजली.

उन्हाळ्यात इन्सुलिन सांभाळणे हे मराठवाड्यात वेगळेच काम आहे. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते, गोठले तर वाया जाते, आणि पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना वीज मात्र भरवशाची नसते. फ्रिज बराच वेळ बंद राहिला की आम्ही इन्सुलिन कोरड्या डबीत घालून, ती डबी ओल्या वाळूत ठेवलेल्या लहान मडक्यात ठेवतो. प्रवासात थर्मास चालतो. बर्फाला इन्सुलिन थेट लागू देत नाही. ग्लार्जिन उघडल्यानंतर २८ दिवसांत संपवावे, असे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते, आणि मांजराला लागते इतके थोडे की १० मिलिलिटरची बाटली घेणे परवडत नाही. ३ मिलिलिटरचे कार्ट्रिज पुरेसे होते.

माणसांच्या दंडावर लावायचा, साखर सतत मोजणारा १४ दिवसांचा सेन्सर मांजरांवरही वापरतात. आम्ही तो एकदा लावला. आलेख उत्तम मिळाला, पण खर्चामुळे पुन्हा लावला नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन या गोळीला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन या द्रव औषधाला मांजरांसाठी मंजुरी मिळाली. ही औषधे आधीपासून इन्सुलिन घेणाऱ्या मांजरांसाठी नाहीत आणि साखर फारशी चढलेली नसतानाही त्यांनी रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो, म्हणून आमच्याकडे तो विषयच आला नाही.

परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत, तरी आपल्या भागातील बहुतेक दवाखान्यांचा दिवस गाई-म्हशी आणि शेळ्यांत जातो. घरच्या नोंदींची वही समोर ठेवली की गर्दीतही डॉक्टर नेमके बोलू शकतात, हा माझा अनुभव आहे. भुऱ्याचे वजन सावरले आहे, टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या आहेत आणि त्याची मात्रा सुरुवातीच्या निम्म्यावर आली आहे. लवकर सुरू केलेले इन्सुलिन आणि कमी पिष्टाचा आहार यांमुळे काही मांजरांचे इन्सुलिन पूर्ण सुटते. भुऱ्याच्या बाबतीत तसे झाले, तरी त्याचा आहार हाच राहणार आहे आणि साखर नियमित तपासली जाणार आहे, कारण अशा मांजरांपैकी पुष्कळांचा मधुमेह पुढे परततो.