मण्यार कुठल्या पानावर? प्राण्यांचे दोन ग्रंथ, आठ महिन्यांनंतर

गेल्या आषाढात आमच्या गावच्या वाचनालयासाठी दोन जाडजूड पुस्तकं घेतली. एक जगातल्या धोकादायक प्राण्यांचा संदर्भग्रंथ, इंग्रजीवरून मराठीत आणलेला. दुसरा दंतकथा-पुराणांतल्या प्राण्यांचा कोश. गाव यावल तालुक्यात. उत्तरेला सातपुडा, बाकी तिन्ही अंगांना केळीच्या बागा. वाचनालय मीच सांभाळते, त्यामुळे कोण कोणतं पान उघडतं ते रोज दिसतं. पहिल्या महिन्यात लिहायला बसले असते तर दोन्हींचं तोंड भरून कौतुक केलं असतं. छपाई सुरेख आहे, चित्रांवरून नजर हलत नाही. पण संदर्भग्रंथाची परीक्षा अडल्या वेळी होते, आणि आमच्याकडे ती श्रावणातच झाली.

रात्री साडेनऊला शेजारच्या मळ्यातला सालदार धापा टाकत आला. मोटारीच्या खोलीत साप, काळाभोर, अंगावर पांढरे पट्टे. "ताई, तुमच्या त्या पुस्तकात पाहा बरं, मण्यार हाये का?" सूचीत मण्यार नाही. 'विषारी साप' असं शोधलं, तेही नाही. शेवटी 'क्रेट' या नावाखाली सापडली: अर्धा परिच्छेद आणि वेटोळं घातलेल्या सापाचं चित्र, ज्यात शेपटी दिसतच नव्हती. आम्हाला पाहायची होती ती शेपटीच. मण्यारीचे पट्टे बहुतेक वेळा जोडीजोडीने असतात, डोक्यापासून बरंच मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठसठशीत होत जातात. तिच्यासारखाच दिसणारा कवड्या बिनविषारी. त्याचे पट्टे मानेपाशीच सुरू होतात आणि मागे फिके पडतात. हे फैजपूरच्या सर्पमित्रांनी फोनवर सांगितलं, पुस्तकाने नाही. लांबूनच बॅटरीचा झोत टाकला. पट्टे मागे ठळक होते. दार ओढून घेतलं आणि ते येईपर्यंत कुणाला जवळ जाऊ दिलं नाही.

त्याच ग्रंथात उत्तर अमेरिकेतल्या अस्वलाला चार पानं आहेत, पांढऱ्या शार्कला सहा. मुलं ती हौसेने वाचतात, वाचू देत. पण 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यांतली. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांना मिळून इथे दीड पान! मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावा पुष्कळदा कळतही नाही, पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात आणि घरचे अपचन समजून ओवा देत बसतात. खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपणं हा यावरचा साधा, खरा उपाय. ग्रंथात यातलं एक वाक्य नाही.

प्रथमोपचाराचं पान तर मी चिकटपट्टी लावून बंदच केलं. दंशाच्या जागेपासून अख्ख्या हातापायाला घट्ट पट्टी गुंडाळा, असं त्यात आहे. ही रीत ऑस्ट्रेलियातल्या सापांसाठी बसवलेली. आपल्याकडे घोणशीच्या दंशाने आधीच हातपाय सुजतो, मांस सडतं. तिथे आवळून बांधलं तर आणखी नुकसान. दंश झालेला भाग हलू द्यायचा नाही आणि थेट दवाखाना गाठायचा. 'साप ओळखून डॉक्टरांना सांगा, म्हणजे योग्य लस देतील' हेही तिकडचंच. भारतात मिळणारी प्रतिविषाची लस या चारही सापांवर एकच आहे. साप मारून पिशवीत घालून नेण्यात वेळ घालवायचं कारण नाही. विंचवाचंही तेच. सहारातल्या विंचवाचं रंगीत चित्र आहे, पण आपल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही गोळी देऊन महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी किती जीव वाचवले, याचा उल्लेख नाही. भाषांतर करणाऱ्यांनी भाषा बदलली, देश बदलायचा राहिला.

दुसऱ्या कोशाने मात्र मला खूप दिलं. मँटिकोरची नोंद मी चार वेळा तरी वाचली असेन. इराणच्या दरबारात असलेल्या क्टेसियस या ग्रीक वैद्याने, येशूच्या जन्माआधी सुमारे 400 वर्षांपूर्वी, भारतातला एक प्राणी वर्णिला: तोंड माणसाचं, अंग सिंहाचं, शेपटीला विंचवाची नांगी. नाव मूळचं इराणी, अर्थ 'माणूसखाऊ'. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पौसानियस या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलं की हा वाघच असावा, घाबरलेल्या माणसांनी त्याला असा केला. हे मी मुलांना वाचून दाखवलं तेव्हा वरच्या पाड्यावरचा एक पावरा आदिवासी मुलगा म्हणाला, "मग आमचा वाघदेव कुठं आहे यात?" नव्हता. किल्ल्यांच्या दरवाजांवर दिसणारा शरभ एका ओळीत उरकलाय, आणि ज्याला वाघाची भीती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे त्या सातपुड्याने त्याचा देव केला, ही गोष्ट कोशकारांपर्यंत पोचलीच नाही.

एक नोंद मला मनापासून लागली. 'डाकीण: माणसांचं रक्त पिणारी स्त्री.' बस, एवढंच. ही कथेतली बाई नाही. आमच्या डोंगरात, नंदुरबारकडे, जिवंत बायकांना डाकीण ठरवून मारहाण झालीय, गावाबाहेर काढलंय. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा आला, तो अशाच छळाविरुद्ध. गरुड आणि मकर यांच्या रांगेत ही नोंद घालायची असेल तर तिच्याखाली हे लिहायलाच हवं. मी तिथे वहीचं पान चिकटवून सगळं लिहून ठेवलंय.

मांडुळाला तर दोन्ही पुस्तकांत जागा नाही. शेपूट बोथट, तोंडासारखं दिसतं, म्हणून लोक दुतोंड्या म्हणतात. घरात ठेवला की पैशाचा पाऊस पडतो या भ्रमापायी त्याची चोरटी विक्री चालते. बिनविषारी, उंदीर खाणारा, शेतकऱ्याच्या कामाचा जीव. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे त्याला पकडणं गुन्हा आहे. धोकादायक नाही म्हणून एकाने सोडला, दंतकथेतला नाही म्हणून दुसऱ्याने.

बांधणीचं म्हणाल तर पहिल्याची शिवण पौषातच सुटली, दुसरा अजून ठणठणीत आहे. किंमत दोघांचीही छोट्या वाचनालयाला जड. कोश घ्याच. पहिला घेण्याआधी दुकानातच सूची उघडून मण्यार, घोणस, फुरसे या नावांनी शोधा. सापडले नाहीत तर ठेवून द्या.

आमच्या प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर मी मराठी नावांची सूची पेन्सिलने करतेय. 'व'खाली वाघदेव लिहिलाय, पुढची जागा मोकळी आहे. त्या मुलाच्या आजोबांना वेळ झाला की ते सांगणार आहेत. चार सापांचा वेगळा तक्ता करून लॅमिनेट करायला दिलाय. मृगाआधी तो पंपांच्या खोल्यांच्या दारांवर लागायला हवा.