मुलान, कोको, फ्रोझन की हंचबॅक? गाणी ऐकून निवडा

मे महिन्यात आमच्या खानापूरच्या घरी भाचरं जमतात. कोणी बेळगावात इंग्रजी शाळेत, कोणी निपाणीला मराठी, एकटी धारवाडला कन्नड माध्यमात. एका रात्री सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा, आणि तो ठरवायचं काम मावशीचं, म्हणजे माझं. संवाद कुठल्या भाषेत लावले तरी कुणाला तरी अडतातच, गाणं मात्र सगळ्यांना आधी पोचतं. म्हणून मी निवड गाण्यांवरून करते.

गाणं सुरू होताना पात्र जिथं होतं, संपतानाही तिथंच असेल, तर ते गाणं वरून चिकटवलेलं. हे मला संगीत नाटकानं शिकवलं. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांचं ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आलं. पुढं या नाटकांत वन्स मोअर पडत गेले, पदं लांबली आणि कथा ताटकळत उभी राहिली, ही तक्रार आमच्या आजोबांच्या तोंडी कायम असायची.

‘मुलान’ (१९९८) या कसोटीवर सगळ्यांत खरा उतरतो. सैन्यातल्या सरावाचं गाणं सुरू होतं तेव्हा सगळे नवखे धडपडत असतात, संपतं तेव्हा पलटण तयार झालेली असते. आठवड्यांचा काळ तीन-चार मिनिटांत निघून जातो आणि एकही क्षण फुकट जात नाही. त्याहून मोठी गोष्ट पुढं आहे. शिपाई घरी वाट बघणाऱ्या बायकोची स्वप्नं रंगवत, थट्टा करत गात चाललेत आणि समोर जळून खाक झालेलं गाव येतं. गाणं ओळीच्या मध्येच तुटतं. त्यानंतर युद्ध संपेपर्यंत एकही पात्र गाण्याला तोंड उघडत नाही. सरावाचं गाणं फक्त एकदा मागून ऐकू येतं, तेही शिपायांनी बायकांचे वेष घेतलेले असताना, आणि त्यातले पुरुष होण्याचे शब्द तिथं वेगळेच वाटतात. गाणं कुठं थांबवायचं हे इतकं नेमकं कळलेला दुसरा अ‍ॅनिमेशनपट माझ्या पाहण्यात नाही. गाव जळालेलं दिसलं तेव्हा आमची पोरं आपोआप गप्प झाली होती.

‘कोको’ची (२०१७) रीत वेगळी. तिथं एकच गाणं पुन्हापुन्हा येतं. आधी झगमगत्या रंगमंचावर, टाळ्या घेणाऱ्या गायकाच्या तोंडी. मग तेच गाणं अंगाईसारखं हळू होतं, आणि ते कुणी कुणासाठी रचलं होतं ते आपल्याला कळतं. शेवटी पणतू ते पणजीसमोर बसून म्हणतो. शब्द तेच, पण प्रत्येक वेळी अर्थ बदलतो. बंदिश तीच ठेवून भाव पालटणं हे आपल्या गाणाऱ्यांना नवं नाही. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून किती लांब आहे? ‘मुलान’मध्ये गाणी कथेला ढकलतात, ‘कोको’त गाणं हीच कथा आहे. मृत्यूविषयी घरात बोलता येत नसेल, तर हा लावाच.

‘फ्रोझन’बद्दल (२०१३) थोडं सावध सांगते. एल्साचं प्रसिद्ध गाणं खरंच ताकदीचं आहे. ती आधी खलनायिका होणार होती. हे गाणं तयार झाल्यावर निर्मात्यांनी तिचं पात्र आणि कथाही बदलली. तिची बहीण आना हिचं राजपुत्राबरोबरचं प्रेमगीतही हुशारीनं बेतलंय, त्याचा गोडवाच आपल्याला फसवतो. पण आनाचं हृदय गोठत चाललंय आणि ट्रोल मंडळी (दगडासारखे दिसणारे जादुई बुटके) तिचं लग्न जुळवायची गाणी म्हणतायत, तिथं सूर बिनसतो. त्यानंतर शेवटपर्यंत कुणी गातच नाही. ‘मुलान’मधल्या शांततेला कारण आहे, इथं ते मला सापडलं नाही. पाच-सहा वर्षांची पोरं जास्त असतील तर तरीही हाच बरा.

‘हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ (१९९६) लहानांसाठी नको. न्यायाधीश फ्रोलो आगीसमोर आपल्याच वासनेशी झगडत गातो. मुलांसाठीच्या सिनेमात इतकं धाडसी गाणं क्वचितच सापडतं, आणि ते कथेच्या गाभ्यातलं आहे. पण थोड्याच वेळात पॅरिस जळत असताना दगडी पुतळे विनोदी गाणं धरतात. तेराच्या पुढच्या मुलांना दाखवा आणि नंतर विचारा, हे गाणं काढलं असतं तर काय बिघडलं असतं?

‘टारझन’ही (१९९९) विचारात घेतला होता. त्यात टारझन स्वतः गात नाही, बहुतेक गाणी फिल कॉलिन्स पडद्यामागून म्हणतो. गोकाककडच्या कन्नड श्रीकृष्ण पारिजातात पात्रं स्वतः गातात. ती पाहत वाढलेल्या मला ते गाणं पात्राच्या बाहेरचं वाटत राहतं.

यंदा घरात दहा-बारा वर्षांची पोरं जास्त आहेत, तेव्हा आम्ही ‘मुलान’ लावणार. आई जागी राहणार असली तर ‘कोको’.