इंडियानापोलिस, मुंबई की नागपूर? सांगलीच्या फायरमननं कुठं जावं

महापालिकेच्या दलातली आणि साखर कारखान्यांच्या फायर सेक्शनमधली तरुण मंडळी हल्ली एफडीआयसीचे व्हिडिओ बघतात आणि 'एकदा जाऊन यावं का?' असं विचारतात. १९२८ साली शिकागोत सुरू झालेली ही अग्निशमन प्रशिक्षकांची परिषद आता दर एप्रिलमध्ये इंडियानापोलिसला भरते. कन्व्हेन्शन सेंटर आणि शेजारचं लुकास ऑइल स्टेडियम फायरमननी फुलून जातं. बघण्यासारखं आहे, यात वाद नाही. पण रजा आणि पैसा दोन्ही मोजकेच असतील, तर मुंबईतली अग्निसुरक्षा प्रदर्शनं आणि नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय यांच्याशी ताडून बघायला हवं. जर्मनीतल्या हॅनोव्हरचं इंटरशुट्झ हे अग्निशमन प्रदर्शन दरवर्षी भरत नाही, म्हणून ते इथं धरलेलं नाही.

एफडीआयसीचा खरा माल पहिल्या दोन दिवसांत असतो. तेव्हा प्रात्यक्षिकाचे वर्ग चालतात: धुरात शोध, बंद दार फोडणं, अडकलेल्या साथीदाराला बाहेर काढणं, प्रत्यक्ष आगीवर पाणी मारणं. त्यांचं शुल्क वेगळं, जागा आधीच भरतात, आणि हेल्मेटपासून बुटांपर्यंतचा सगळा सूट स्वतःचा न्यावा लागतो, तोही अमेरिकी मानकाचा. आपल्याकडचे बरेच सूट युरोपीय मानकाचे असतात, त्यामुळे नोंदणीआधी लेबल वाचा. हे वर्ग मिळाले नाहीत, तर उरतात व्याख्यानं आणि चकचकीत गाड्यांचं प्रदर्शन. तेवढ्यासाठी व्हिसाची फी, मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीतली मुलाखत, सरकारी नोकरी असेल तर ना-हरकत दाखला आणि वाटेत विमान बदलण्याची यातायात मला परवडणारी वाटत नाही.

शिवाय तिथलं सगळंच इथं लागू पडत नाही. अमेरिकेतली घरं बहुतांशी लाकडी सांगाड्याची, म्हणून छतावर चढून करवतीनं भोक पाडायचं आणि धूर-उष्णता वर काढून द्यायची, यावर त्यांचे वर्गच्या वर्ग असतात. विश्रामबागच्या आरसीसी स्लॅबवर ती करवत काय करणार? पाण्याचंही तसंच. त्यांच्या शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर हायड्रंट, आपल्याकडे बंबातलं पाणी संपलं की टँकरची वाट बघायची. म्हणून जाणाऱ्यानं 'ग्रामीण पाणीपुरवठा' हा विषय शोधावा. रस्त्यात घडीची टाकी उभी करायची, टँकरनं ती भरत राहायची आणि पंपानं त्यातून उचलायचं, हे तासगावच्या किंवा पलूसच्या वाटेवर उद्याच कामी येईल. श्वसनयंत्र लावून शोध घेणं आणि थर्मल कॅमेरा वाचणं मात्र दोन्हीकडे सारखंच.

तिथून काही विकत आणायचा विचार असेल तर कपलिंग, म्हणजे होजचा (पाणी मारायच्या पाइपचा) जोड, आठवा. आपला ६३ मिलिमीटरचा होज मेल-फिमेल दाबला की खट्कन बसतो, दोन कानांचे खटके ओढले की सुटतो. त्यांचा अडीच इंची होज साधारणपणे आट्यांचा, फिरवून बसवायचा. हौसेनं आणलेलं नोझल अडॅप्टरशिवाय इथल्या होजला लागणार नाही.

मुंबईचं प्रदर्शन रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जाऊन एका दिवसात उरकतं. हातात होज येत नाही, पिशवीभर ब्रोशर येतात. तरी कारखान्याच्या फायर ऑफिसरनं आणि इमारतींतली अग्निसुरक्षा यंत्रणा सांभाळणाऱ्या परवानाधारक एजन्सीवाल्यानं ते चुकवू नये. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांना डिस्टिलरी जोडलेल्या आहेत, आणि इथेनॉलच्या आगीवर साधा फोम टिकत नाही. अल्कोहोल पाण्यात मिसळतं, तसंच ते फोममधलं पाणीही ओढून घेतं, आणि फेसाचा थर बघता बघता बसतो. त्याला अल्कोहोलरोधक फोम लागतो. त्याची पातळ चादर इंधनावर पसरते आणि फेस वर राहतो. स्टॉलवाल्याला नेमकं विचारायचं: हा इथेनॉलवर किती टक्क्यांनी वापरायचा, माझ्या इंडक्टरमधून (पाण्यात फोम मिसळणाऱ्या यंत्रातून) ओढला जाईल का, साठवण किती वर्षं? त्यावर जो गडबडतो, त्याचा चहा पिऊन पुढे जावं. एजन्सीवाल्यांना जानेवारी-जुलैचा 'फॉर्म बी' (यंत्रणा चालू असल्याचा दाखला) भरायचाच असतो. पंप, स्प्रिंकलर आणि डिटेक्टरचे पुरवठादार तिथं एका छताखाली भेटतात.

नागपूरला झगमगाट नाही. पण महानगरपालिकेच्या फायरमनला तिथल्या कोर्सचा उपयोग सर्वांत थेट होतो, कारण सब-ऑफिसर व्हायचं तर तिथल्यासारखा मान्यताप्राप्त कोर्स लागतो. परदेशी परिषदेचं हजेरीपत्र फाईलला लागतं, एवढंच. महाराष्ट्र एक्स्प्रेस सांगलीहून गाडी न बदलता नागपूरला नेते. प्रवास लांबचा, म्हणून डबा बांधून घ्या.

तारखांचं गणित वेगळंच. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, ६६ अग्निशामक गेले. तेव्हाच्या आठवणीत १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. एफडीआयसी त्याच्याच आगेमागे येते, आणि शाळा-दवाखान्यांतली प्रात्यक्षिकं तोंडावर असताना महापालिकेच्या माणसाला रजा मिळणं अवघड. कारखान्याच्या माणसाचा गळीत हंगाम तोवर आटोपलेला असतो, त्याला जमेल.

पुराचं काय, असं कुणी विचारलंच तर, २०१९ साली आयर्विन पुलावर पाणी कुठवर चढलं होतं ते इथं कुणाला सांगायला नको. त्यासाठी तिन्हीपैकी कुठंही जाऊ नका. पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी सांगलीत तैनात झाली की त्यांच्या बोटीवर बसायला मिळतं का ते आपल्या अधिकाऱ्यामार्फत विचारा.

माझं मत विचाराल तर: नोकरीत पाच-सात वर्षं काढलेल्यानं आधी नागपूर. कारखानावाले आणि एजन्सीवाले, मुंबई. इंडियानापोलिस त्यांनीच धरावं ज्यांना पुढं दलातल्या पोरांना शिकवायचं आहे, इंग्रजी कानावर बसलेलं आहे आणि प्रात्यक्षिकाच्या वर्गात जागा पक्की झाली आहे. नोंदणीचा ईमेल हातात पडेपर्यंत विमानाचं तिकीट काढू नये.