यूएसपी-७ घेऊ का सीवायएलडी? एमएस्सी प्रोजेक्टवाल्या पोरींसाठी

सांगलीतल्या दोन ज्युनिअरनी एकाच आठवड्यात हेच विचारलं, प्रोजेक्टला या दोन एन्झाइमपैकी कुठलं घेऊ, म्हणून एकदाच लिहून टाकते.

पेशीतल्या प्रोटीनला युबिक्विटिन नावाची ७६ अमिनो ॲसिडची चिठ्ठी चिकटते, ती काढणारे एन्झाइम म्हणजे ड्युब, माणसात असे साधारण १०० आहेत, यूएसपी-७ आणि सीवायएलडी त्यातलेच दोन. आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यावरची चिठ्ठी बघून पोतं कुठल्या गाडीत चढवायचं ते ठरतं ना, तसंच, फक्त इथं चिठ्ठ्या एकमेकींना कशा जोडल्यात त्यावर सगळं. के-४८ जोडणी (चिठ्ठीतल्या ४८व्या जागेच्या लायसिनला पुढची चिठ्ठी) म्हणजे प्रोटीन भंगारात, के-६३ म्हणजे बहुतेक वेळा नुसता सिग्नल.

यूएसपी-७ हा एमडीएम-२ नावाच्या प्रोटीनला भंगारातनं वाचवतो, आणि एमडीएम-२ वाचला की तो पी-५३ ला संपवतो, म्हणजे पेशीच्या वाढीचा ब्रेकच गेला. पण गंमत अशी की यूएसपी-७ पी-५३ वरची चिठ्ठी पण काढतो, त्यामुळं २००२ मध्ये सगळ्यांना वाटलं हा पी-५३ चा रखवालदार, आणि २००४ ला दिसलं की हा पूर्ण काढून टाकला तर पी-५३ उलट वाढतोय, कारण एमडीएम-२ च टिकत नाही. व्हायवाला हे विचारतातच.

सीवायएलडी स्वतःच ब्रेक आहे. के-६३ साखळ्या तोडून एनएफ-कप्पा-बी चा (सूज आणि पेशी जगवण्याचा) सिग्नल थंड करतो. जीन जन्मापासनं बिघडलेला असेल तर डोक्याच्या कातडीवर सिलिंड्रोमाच्या गाठी येतात, नाव त्यावरनंच पडलं.

कामाला यूएसपी-७ सोपा वाटतो. पी-५०९१ हा इनहिबिटर (त्याला रोखणारं रसायन) टाकायचा, वेस्टर्नवर (प्रोटीन किती आहे ते दाखवणारी चाचणी) पी-५३ आणि त्यानं चालू होणारं पी-२१ वाढतंय का बघायचं. (तो यूएसपी-४७ ला पण धरतो, थिसिसमध्ये लिहा, लपवू नका.) सीवायएलडीला एसआयआरएनए (जीन गप्प करणारा छोटा आरएनए), मग टीएनएफ (सूजेचा सिग्नल चालू करणारं प्रोटीन) देऊन ०, १५, ३०, ६० मिनिटांना आयकप्पाबी (एनएफ-कप्पा-बी ला अडवून धरणारं प्रोटीन) बघायचं. हात बसायला वेळ लागतो.

तरी मी म्हणेन आधी इनक्युबेटर उघडून आपल्याकडं कुठल्या पेशी आहेत ते बघा. मी हेला पेशींत (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या) पी-५३ शोधत दीड महिना घालवला, आणि हेलामधल्या एचपीव्ही व्हायरसचं ई-६ प्रोटीन पी-५३ ला आधीच खातं हे नंतर वाचलं, लै शिव्या घातल्या स्वतःला. एचसीटी-११६ किंवा एमसीएफ-७ (पी-५३ शाबूत असलेल्या पेशी) असतील तर खुशाल यूएसपी-७ घ्या, नुसत्या हेला असतील तर सीवायएलडी. आणि वेस्टर्नवर चिठ्ठ्यांचा स्मिअर (लांबलचक पट्टा) बघायचा असेल तर दोन्हीत लायसिस बफरला (पेशी फोडायचं द्रावण) एनईएम, म्हणजे ड्युब बंद पाडणारं रसायन, ताजं टाका, नाहीतर पेशी फोडल्यावर ड्युब ट्यूबमध्येच चिठ्ठ्या काढून मोकळे होतात.