गिटारच्या बाइंडिंगची खाच: हातातला ट्रिमर, झुलता हात की टॉवर?

अकूस्टिक गिटारचा डबा जोडून झाला, बाहेर आलेले काठ साफ झाले, की कडेने बाइंडिंगसाठी, म्हणजे काठावर बसवायच्या पातळ पट्टीसाठी, खाच काढायची वेळ येते. अनेक महिन्यांचं काम इथे काही मिनिटांत बिघडू शकतं, म्हणून या खाचेसाठी राउटरची (लाकूड कोरणाऱ्या यंत्राची) जिग, म्हणजे त्याला नेमक्या मार्गावर धरणारी चौकट, घरी बनवावी असं बहुतेकांना वाटतं. मार्ग मुख्यतः तीन. ट्रिमर, म्हणजे छोटा राउटर, हातात धरून चालवायचा आणि त्याला एक मार्गदर्शक पट्टी जोडायची. ट्रिमर एका झुलत्या हातावर बसवायचा आणि डबा स्थिर ठेवायचा. किंवा ट्रिमर उभ्या टॉवरवर बसवून डबाच त्याच्याभोवती फिरवायचा. माझा कौल टॉवरला आहे. मात्र काही जणांनी तो बांधायच्या भानगडीत पडू नये असंही मला वाटतं, आणि ते कोण हे पुढे येईलच.

अडचण नेमकी कुठे आहे

बहुतेक अकूस्टिक गिटारांची पाठ सपाट नसते. तिला १५ फूट त्रिज्येच्या आसपास घुमट दिलेला असतो. टॉपचा, म्हणजे पुढच्या फळीचा, घुमट त्याहून सौम्य, साधारण २५ ते ३० फुटांचा. शिवाय डब्याची खोली शेपटीकडून मानेकडे २० ते २५ मिलिमीटरने कमी होत जाते.

हे आकडे कागदावर मांडून पाहा. १५ फूट म्हणजे ४,५७२ मिलिमीटर. मध्यापासून २५० मिलिमीटरवर, म्हणजे डब्याच्या टोकाशी, घुमटाचा उतार सुमारे ३.१ अंश होतो. ५०० मिलिमीटर लांबीत खोली २३ मिलिमीटरने उतरली, तर तो उतार २.६ अंशांचा. मानेच्या बाजूला हे दोन्ही उतार एकाच दिशेचे असल्याने त्यांची बेरीज होते: ५.७ अंश. शेपटीकडे ते विरुद्ध दिशेचे असल्याने वजाबाकी होते आणि जेमतेम अर्धा अंश उरतो.

ट्रिमरचा तळ पाठीवर टेकवला की त्याचं बिट (फिरणारं कापणारं पातं) या उताराबरोबर कलतं. ६ मिलिमीटर उंचीच्या खाचेत ५.७ अंशांचा कल म्हणजे वर-खाली ०.६ मिलिमीटरचा फरक: खाच तळाशी रुंद, वर अरुंद. बाइंडिंगची पट्टी मुळात २ मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते. तिच्यामागे ०.६ मिलिमीटरची फट राहिली तर ती गोंदाने भरून लपत नाही; फिनिश चढवल्यावर उलट उठून दिसते. म्हणजे बिट डब्याच्या बाजूला समांतर, ओळंब्यात राहिलं पाहिजे, आणि खोली मात्र घुमटावरून मोजली गेली पाहिजे. तिन्ही जिगांची परीक्षा या एकाच गोष्टीवर होते.

हातातला ट्रिमर

सर्वांत साधा प्रकार म्हणजे बेअरिंगचं बिट (ज्यावरची फिरती कडी डब्याच्या बाजूला टेकते) लावायचं आणि ट्रिमरचा तळ थेट फळीवर टेकवून फिरायचं. सपाट डब्यावर हे उत्तम चालतं. घुमटावर वरचं गणित आडवं येतं.

त्यावर उपाय आहे आणि तो संध्याकाळभरात बनतो. ट्रिमरच्या तळाला काटकोनात एक उभी पट्टी जोडायची, जी डब्याच्या बाजूला टेकून खाली ४० ते ५० मिलिमीटर उतरेल. कमरेच्या आणि पोटाच्या दोन्ही वळणांवर ती नीट बसावी म्हणून तिचा स्पर्शाचा भाग अरुंद आणि उभा ठेवायचा. तळाखाली, बिटाजवळ, एक छोटं टेकू चिकटवायचं म्हणजे संपूर्ण तळ पाठीवर टेकणार नाही. आता बिटाची दिशा बाजू ठरवते आणि खोली घुमट.

अडचण हाताची आहे. दीड-दोन किलोचा ट्रिमर काठावर अर्धा अधांतरी असतो, आणि ती पट्टी बाजूला घट्ट टेकलेली आहे की नाही हे सर्वस्वी तुमच्या मनगटावर अवलंबून राहतं. कमरेपाशी हात बदलताना तोल जायची शक्यता सर्वांत जास्त. पूर्ण खाच एका दमात न काढता दोन-तीन उथळ फेऱ्यांत काढली, तर हा धोका बराच कमी होतो.

पहिलीच गिटार करणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवीन. साहित्य नगण्य लागतं, जागा लागत नाही, आणि ही पद्धत समजली की पुढे टॉवर का बांधायचा हेही आपोआप समजतं.

झुलता हात

इथे ट्रिमर समांतरभुज चौकोनासारख्या जोडणीच्या टोकाला असतो. एकावर एक असे दोन हात, चार सांधे. हात वर-खाली झाला तरी ट्रिमर उभाच राहतो. मागे बिजागरीसारखे आणखी एक-दोन उभे सांधे दिले की तो आडवाही फिरतो. डबा मधोमध पक्का बसवलेला, आपण फक्त ट्रिमर फिरवायचा.

कल्पना फार देखणी आहे. डबा हलत नसल्याने तो सरळ बसवण्याचं काम एकदाच; हाताखाली काय चाललंय ते समोर दिसतं. पण बांधणीत ही जिग तिघींत सर्वांत कडक परीक्षा घेते. नुसते लाकडात भोक पाडून घातलेले बोल्ट काही दिवसांत सैल होतात. प्रत्येक सांध्याला बॉल बेअरिंग हवंच. ६०८ क्रमांकाचं, ८ मिलिमीटर भोकाचं आणि २२ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचं बेअरिंग सहज मिळतं आणि पुरतं.

सांध्यातला प्ले (ढिलेपणा) मात्र लोक समजतात तितका घातक नाही. ट्रिमर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे सरकला तर काहीच बिघडत नाही, कारण डब्याच्या बाजूला टेकलेलं बिटाचं बेअरिंग त्याला पुन्हा जागेवर आणतं. सरकणं चालतं, कलणं चालत नाही. म्हणून सांध्यांच्या दांड्या रुंद हव्यात आणि दोन्ही हात पिळवटणार नाहीत असे, शक्यतो पेटीसारखे बंद, हवेत. अरुंद पट्ट्यांचे हात दिसायला नाजूक छान दिसतात, पण ट्रिमरच्या डोक्यावर जरा जोर पडला की पिळतात आणि बिट कलतं.

दुसरी गोष्ट पोहोचेची. हात डब्याच्या सगळ्या बाजूंना सारखा पोहोचत नाही. काही ठिकाणी तो पूर्ण ताणलेला असतो, काही ठिकाणी दुमडलेला. त्यामुळे बहुतेक वेळा मध्येच डबा फिरवून पुन्हा सरळ करावा लागतो, आणि एकदाच बसवण्याचा फायदा तिथे संपतो.

टॉवर

एक जड पाया, त्यावर ओळंब्यात उभी फळी, तिच्यावर वर-खाली मोकळा सरकणारा ट्रिमर. डबा एका पाळण्यात बसतो आणि पाळणा टेबलावर हातांनी फिरवला जातो. ट्रिमर स्वतःच्या वजनाने घुमटावर टेकतो, उतारानुसार चढतो-उतरतो, पण कलत नाही.

सरकण्यासाठी कपाटाच्या ड्रॉवरचे बॉल बेअरिंगवाले टेलिस्कोपिक चॅनेल पुरतात. एकच चॅनेल वापरू नका. दोन, एकमेकांपासून शक्य तितके लांब आणि काटेकोर समांतर. समांतर नसतील तर ते अडकतात, आणि अडकलेला ट्रिमर घुमट उतरताना हवेतच राहतो. थ्रीडी प्रिंटरमध्ये असतात तशा १२ मिलिमीटरच्या रेल आणखी घट्ट चालतात, पण रोजवूडची बारीक तेलकट धूळ त्यांच्या गोळ्यांत शिरते. त्या लावल्या तर दर वेळी पुसाव्या लागतील.

मुख्य कारागिरी ट्रिमरखालच्या रिंगमध्ये आहे, आणि घरगुती टॉवर फसतात ते बहुतेक इथेच. बिट उभं, पाठ उतरती. अशा वेळी ट्रिमरचा मूळ रुंद तळ ठेवला तर तो काठाजवळ टेकतच नाही. तो आत, उंच भागावर टेकतो. ५.७ अंशांच्या उतारावर काठापासून ४० मिलिमीटर आत टेकलेला तळ बिटाला ४ मिलिमीटर वर उचलतो. सहाची खाच दोनची होते! तोच टेकू काठापासून ८ मिलिमीटरवर असेल तर चूक ०.८ मिलिमीटर, आणि ती डब्याभर इतकी हळूहळू बदलते की डोळ्याला जाणवत नाही. म्हणून बिटाभोवती जेमतेम फिरायला जागा ठेवणारी, ५ मिलिमीटर रुंदीची रिंग लावायची. ॲक्रिलिक किंवा कडक लाकूड चालतं. खालची कड गोल करून मेण घासायचं, नाहीतर स्प्रूसच्या मऊ टॉपवर ओरखडा उमटतो. ट्रिमरचं वजन स्प्रिंगने किंवा मागे लटकवलेल्या वजनाने कमी करा, पण इतकंही नाही की तो उसळायला लागेल.

पाळण्यासाठी १२ मिलिमीटरचा प्लायवूड, खाली गुळगुळीत लॅमिनेट, वर पाच-सहा वर-खाली होणारे मऊ टोकाचे खुंट. डबा त्यांवर ठेवून गुण्या टेबलावर धरायचा आणि बाजू दोन्ही टोकांना, कमरेला आणि दोन्ही पोटांना काटकोनात आहे का पाहायचं, नसेल तर खुंट हलवायचे. हे काम रटाळ आहे, आणि टॉवरची सगळी अचूकता त्यातच आहे. वाकडा बसलेला डबा कितीही उत्तम टॉवरवर वाकडीच खाच देईल.

जागा मात्र भरपूर लागते. डबा टॉवरभोवती पूर्ण फिरला पाहिजे, म्हणजे चारही बाजूंना डब्याच्या लांबीइतकं मोकळं टेबल हवं.

बिट आणि बेअरिंग, कुठलीही जिग असो

बिटाच्या व्यासातून बेअरिंगचा व्यास वजा करून निम्मे केले की खाचेची रुंदी मिळते. १९ मिलिमीटरच्या बिटावर १४.४ चं बेअरिंग असेल तर २.३ मिलिमीटर. थोडी कमी रुंदी हवी असेल तर डब्याच्या बाजूला मास्किंग टेपचा एखादा थर लावता येतो. बेअरिंग बाजूवरची प्रत्येक खोट खाचेत उतरवतं. गोंदाचा वाळलेला थेंब, सँडिंगमध्ये राहिलेली लाट, सगळं. बाजू आधी सपाट करा.

बेअरिंग बिटाच्या खाली असेल तर पर्फलिंगची (बाइंडिंगच्या आतल्या शोभेच्या पट्टीची) रुंद उथळ खाच आधी आणि बाइंडिंगची खोल खाच नंतर. उलट केलंत तर पर्फलिंगच्या वेळी बेअरिंगला टेकायला लाकूडच उरत नाही. ते आधीच्या खाचेत शिरतं.

दिशा पोटाच्या सर्वांत रुंद जागेपासून कमरेकडे आणि रुंद जागेपासून टोकाकडे. अशाने लाकडाचे धागे मागच्या धाग्यांच्या आधाराने कापले जातात आणि ढलपी उडत नाही. यातल्या निम्म्या भागांत बिट स्वतःच पुढे ओढू पाहतं, तिथे फेरी अगदी उथळ घ्यायची. हातातल्या ट्रिमरला ही ओढ सर्वांत जास्त जाणवते. टॉवरवर तुम्ही दोन्ही हातांनी डबा धरलेला असता, त्यामुळे ती सावरणं सोपं जातं. मास्क आणि गॉगल तिन्ही वेळा. रोजवूडच्या धुळीची ॲलर्जी एकदा सुरू झाली की पाठ सोडत नाही.

मग कोणी काय निवडावं

सपाट सॉलिड बॉडी इलेक्ट्रिक गिटारच करायच्या असतील तर जिगच्या नादी लागू नका, बेअरिंगचं बिट पुरे. लेस पॉल (गिब्सनची इलेक्ट्रिक गिटार) धर्तीच्या कोरलेल्या टॉपला मात्र टॉवर फार छान जमतो, कारण पाठ सपाट असल्याने खुंटांचा पाळणाही लागत नाही.

स्पॅनिश पद्धतीने मान डब्यात बसवूनच जोडणी करत असाल तर मानेमुळे पाळणा अडतो आणि झुलता हातही. तिथे मार्गदर्शक पट्टीवाला हातातला ट्रिमर, आणि टाचेजवळचा (मान डब्याला मिळते तिथला) शेवटचा भाग सुरी-पटाशीने. क्लासिकल गिटारचे अनेक कारागीर सगळीच खाच गेजने आखून हाताने काढतात आणि ती उत्तम निघते.

कटअवे (मानेजवळ डब्याला दिलेला आत वळणारा काप) असेल तर आतल्या वळणाची त्रिज्या बेअरिंगच्या त्रिज्येपेक्षा मोठी हवी. गोल कटअवे टॉवरवर निघतो. टोकदार कटअवेचा कोपरा कुठल्याच जिगने पूर्ण होत नाही, पटाशी घ्यावीच लागते.

एक-दोन गिटारांपुरता उत्साह असेल, किंवा काम गॅलरीच्या कोपऱ्यात चालत असेल, तर टॉवर बांधू नका. त्याहून अधिक करायच्या असतील आणि टेबल रिकामं ठेवता येत असेल, तर पहिल्या मोकळ्या आठवड्यात तो बांधा. झुलता हात मी फक्त त्यांना सुचवीन ज्यांना धातूकाम येतं आणि ज्यांना डबा न हलवता काम करणं मनापासून आवडतं.

बांधलेली जिग डब्यावर नेण्याआधी कोलेटात (बिट धरणाऱ्या चापात) ६ मिलिमीटरचा सरळ, १०० मिलिमीटर बाहेर येणारा पोलादी दांडा धरा. मोटर बंद, प्लग काढलेला. टेबलावर गुण्या ठेवून दांडा त्याच्याशी लावा आणि ट्रिमर वर, मध्ये, खाली सरकवून पाहा. मग ट्रिमरच्या डोक्यावर बोटाने चारही बाजूंनी दाबून पाहा. टोकाला ०.९ मिलिमीटर फट म्हणजे अर्ध्या अंशाचा कल, आणि सहाच्या खाचेत त्याचा परिणाम ०.०५ मिलिमीटर. तेवढा चालेल. त्याहून जास्त दिसला तर चॅनेलखाली कागदाच्या पट्ट्या सारून आधी तो काढा, मग टाकाऊ लाकडावर एक फेरी घ्या.