नव्या उपनगरी स्थानकालगतची जमीन: वाहनतळ की वस्ती?

नवी मेट्रो उपनगरात पोचते तेव्हा भांडण रुळांवरून कमी आणि स्थानकालगतच्या मोकळ्या जमिनीवरून जास्त होतं. रोज गाडी घेऊन येणारे म्हणतात, गाडी लावायलाच जागा नसेल तर स्थानकाचा आम्हाला उपयोग काय? नियोजनकार, आणि त्यांच्या मागोमाग बिल्डर, म्हणतात, इतकी मोक्याची जागा नुसत्या गाड्या उभ्या करायला घालवायची? दोघांचंही खोटं नाही. पण जमीन एकच असते आणि एकदा तिचा उपयोग ठरला की पुढची चाळीस-पन्नास वर्षं तो सहसा हलत नाही. आराखड्यावर हरकती-सूचना द्यायच्या आहेत, समितीत हात वर करायचा आहे किंवा थेट फाइलवर सही करायची आहे, अशांसाठी हे लिहितोय.

माझा कल आधीच सांगून टाकतो. लोक चालत येऊ शकतील अशा स्थानकांजवळ वस्ती हवी. मार्गाच्या टोकाला वाहनतळ ठीक आहे, पण तो सपाट, साधा आणि उद्या उठवता येईल असा. मधला मार्ग म्हणून जो बहुमजली वाहनतळ सगळ्यांना पसंत पडतो, तो मला तिन्हींत जास्त धोक्याचा वाटतो.

आधी जागेचा हिशेब

जमिनीवर आखलेली एका मोटारीची चौकट साधारण साडेबारा चौरस मीटरची असते. पण गाडी वरून अलगद उतरत नाही. वळायला, मागे घ्यायला, आत-बाहेर करायला रस्ते लागतात. ते धरले की एका मोटारीमागे पंचवीस ते तीस चौरस मीटर जागा जाते. म्हणजे एका हेक्टरमध्ये साडेतीनशे ते चारशे मोटारी. कामावर निघालेल्या मोटारीत बहुधा एकच माणूस असतो. सहा डब्यांची मेट्रो हजाराच्या वर माणसं नेते. तेव्हा हेक्टरभर तळ सकाळी काठोकाठ भरला तरी मेट्रोची एक गाडीसुद्धा भरत नाही. शिवाय एकदा भरला की संध्याकाळपर्यंत तो आणखी एकाही प्रवाशाला स्थानकावर आणू शकत नाही. साडेनऊला निघणाऱ्याच्या दृष्टीने तो तळ असून नसल्यासारखा.

आता दोन हजार मोटारींचा सपाट तळ घ्या. त्याला पाच हेक्टर लागतात. स्थानकापासून पाच मिनिटांत चालत जाता येईल असं सगळं क्षेत्र, म्हणजे 400 मीटर त्रिज्येचं वर्तुळ, मिळून 50 हेक्टरचं. त्यातला दहावा हिस्सा, तोही अगदी दारातला, डांबराखाली गेला. पलीकडे राहणाऱ्याला उन्हातून, गाड्यांच्या रांगांमधून वाट काढत यावं लागतं. मग तोही मोटार काढतो.

त्याच जागेवर चार-पाच मजली इमारती बांधल्या तर हेक्टरी दोनशे घरं सहज बसतात. तिथे राहणारे सगळेच रेल्वेने जाणार नाहीत. निम्मे गेले तरी पुष्कळ. पण जे जातात ते दुपारीही जातात, रात्रीही, रविवारीही. खाली दुकानं, दवाखाने, कचेऱ्या असल्या तर बाहेरून उलट दिशेने येणारी माणसं मिळतात. सकाळी शहराकडे गच्च भरून गेलेली गाडी परतीला रिकामी धावते, हा उपनगरी रेल्वेचा जुना रोग आहे. वाहनतळाने तो बळावतो.

तरी एका बाबतीत वाहनतळाचं पारडं जड आहे, ते म्हणजे वेळ. सपाट तळ काही महिन्यांत तयार होतो आणि पहिल्या दिवसापासून प्रवासी देतो. वस्ती उभी राहायला दहा-पंधरा वर्षं जातात. तोवर नवं स्थानक माळरानावर एकटं उभं असतं, आणि रिकाम्या मेट्रोचे फोटो फिरायला लागतात.

एकाच मार्गावरची दोन स्थानकं

पुस्तकी वादापेक्षा वॉशिंग्टन मेट्रोची ऑरेंज लाइन पाहावी. वॉशिंग्टनलगतच्या आर्लिंग्टन परगण्यात हा मार्ग आधी महामार्गाच्या मधल्या पट्ट्यातून जायचा होता. परगण्याने आग्रह धरून तो विल्सन बुलेव्हार्ड या जुन्या बाजारपेठेच्या रस्त्याखालून नेला. बॉलस्टनपर्यंतचा टप्पा 1979 साली सुरू झाला. रॉसलिन ते बॉलस्टन या पाच स्थानकांच्या तोंडाशी उंच इमारतींना परवानगी दिली आणि चार गल्ल्या मागे गेलं की जुनी बैठी घरं तशीच राखली. तिथे प्रवाशांसाठी मोठे वाहनतळ बांधलेच नाहीत. बॉलस्टन सुरुवातीची साडेसहा वर्षं शेवटचं स्थानक होतं, तेव्हाही बाहेरचे प्रवासी बसने येत. आज या स्थानकांवर येणारे बहुतेक लोक पायी येतात.

1986 साली हाच मार्ग पुढे व्हिएन्नापर्यंत गेला. ते स्थानक महामार्गाच्या अगदी मधोमध आहे आणि दोन्ही बाजूंना मिळून पाच हजारांवर मोटारींची सोय आहे. प्रवासी मिळाले, नाही असं नाही. पण ते सकाळी एका दिशेने आणि संध्याकाळी दुसऱ्या. शेजारी दाट वस्ती उभारण्याचा मोठा प्रकल्प मार्गी लागला तो दोन दशकांनी.

यावरून बॉलस्टन शहाणं आणि व्हिएन्ना मूर्ख, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. इतक्या रुंद महामार्गाच्या मध्ये, त्या आवाजात आणि धुरात, खिडकी उघडून राहायला कोण येणार? खरा निर्णय रूळ कुठून न्यायचे हे ठरलं तेव्हाच होऊन गेला होता. तुमच्यापुढे फाइल आली असेल तेव्हा मार्ग बहुधा पक्का झालेला असेल. स्थानक महामार्गाच्या पोटात असलं तर लगतच्या जागेवर घरांचा हट्ट धरू नका. ऑस्ट्रेलियातल्या पर्थने 2007 साली मॅंडुरा मार्ग बराचसा असाच महामार्गातून नेला. तिथे मोठे वाहनतळ तर दिलेच, पण बस थेट स्थानकाच्या डोक्यावर येऊन थांबतील आणि माणूस जिना उतरून फलाटावर जाईल अशी रचना केली. वाहनतळाला जोड म्हणून बस हवी असेल तर ती अशी हवी. चारशे मीटरवर खांब रोवून त्यावर थांब्याची पाटी लावायची, ही सोय नव्हे.

तिसरा पर्याय: दोन्ही एकत्र

त्याच वॉशिंग्टनच्या सिल्व्हर लाइनचा पहिला टप्पा 2014 साली सुरू झाला. टायसन्समधल्या चार स्थानकांना प्रवाशांसाठी कायमचे वाहनतळ द्यायचे नाहीत असं आधीच ठरवलं होतं, कारण मॉल आणि कचेऱ्यांचा तो परिसर चालता येईल अशा शहरात बदलायचा होता. टीका झाली. मग मॅक्लीन स्थानकाजवळ, पुढे बांधकाम व्हायचं होतं अशा खासगी जमिनीवर तात्पुरता तळ सुरू केला. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट शिकण्यासारखी वाटते. विकासाची वाट पाहणारी जमीन मधली वर्षं गाड्यांना द्यायची आणि ती मुदतीची आहे हे पहिल्या दिवशी पाटीवर लिहायचं.

त्या टप्प्याच्या शेवटच्या स्थानकावर, वीली-रेस्टन ईस्टला, वेगळी वाट धरली. 2,300 मोटारींचा तळ जमिनीखाली, वर चौक, भोवती टॉवर. दिसायला छान, चालतोही. पण सपाट तळाच्या तुलनेत बहुमजली बांधकामात एका मोटारीमागचा खर्च कित्येक पटींनी वाढतो आणि जमिनीखाली गेलं की त्याहून जास्त. हे परवडतं ते जिथे जागेला आधीच जबरदस्त मागणी आहे तिथेच. नव्या, आडबाजूच्या स्थानकासाठी हे चित्र दाखवून कोणी मंजुरी मागत असेल तर खर्चाचं पान आधी उघडा.

बहुमजली वाहनतळाचं काय बिघडतं

सपाट डांबर उद्या उखडता येतं. बहुमजली इमारतीचं कर्ज वीस-तीस वर्षांचं असतं, आणि ते फिटेपर्यंत तिला हात लावायला कोणी धजत नाही. शिवाय बहुतेक वाहनतळांचे मजलेच तिरपे असतात, कारण चढणीचा रस्ता आणि गाड्या लावायची जागा एकच केलेली असते. छत इतकं खाली की हात वर केला तर टेकावा. अशा सांगाड्याची पुढे कचेरी होत नाही, घर होत नाही, पाडावाच लागतो. बांधायचाच असेल तर मजले सपाट, चढण बाहेरून आणि उंची वापर बदलता येईल इतकी, या अटी निविदेतच घाला. खर्च थोडा वाढतो, पण मोकळीक राहते.

ती मोकळीक किती मोलाची असते हे 2020 नंतर दिसलं. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या बार्ट रेल्वेच्या कितीतरी स्थानकांवर पूर्वी सकाळी आठच्या आत तळ भरायचा. लोक घरून काम करायला लागले आणि तेच तळ ओस पडले.

बार्टकडून आणखी एक धडा घ्यायचा तो बदली जागांचा. वाहनतळाच्या जमिनीवर काही बांधायचं म्हटलं की रोजचे प्रवासी मागणी करतात: जितक्या जागा जातील तितक्या नव्या बांधून द्या. बार्टने वर्षानुवर्षं हा हिशेब पाळला. परिणाम असा की जमिनीतून मिळायचं ते मोल नव्या बहुमजली तळातच जिरायचं. प्रकल्प एक तर कागदावर राहायचे, नाही तर परवडणाऱ्या घरांचा वाटा आधी कापला जायचा. पुढे हा नियम सैल झाला, आणि 2018 साली कॅलिफोर्नियाने कायदाच करून बार्टच्या स्थानकांलगतच्या तिच्याच जमिनींवर दाट बांधकामाला वाट करून दिली. आज फुकट किंवा स्वस्तात दिलेली जागा उद्या हक्क होते. तो काढून घेताना निवडून आलेल्या माणसाची काय गत होते, ते त्यालाच विचारावं.

पुनर्विकासातले खड्डे

वस्तीच्या बाजूने इतकं बोललो, पण तिथेही डोळे झाकून सही करू नका. स्थानकाची घोषणा झाली की आसपासचे भाव चढतात. जुन्या इमारतीतले भाडेकरू, कोपऱ्यावरचा शिवणकामवाला, गॅरेजवाला हे सगळ्यांत आधी बाहेर फेकले जातात. म्हणजे रेल्वेची ज्यांना खरी गरज, तेच स्थानकापासून दूर. त्यांना त्याच जागी परत घर किंवा गाळा मिळणार का, आणि मधल्या काळात राहायचं कुठे, हे करारात नसेल तर बाकीची चकचकीत चित्रं बाजूला ठेवा.

दुसरा खड्डा मला जास्त चीड आणतो. ‘स्थानककेंद्रित विकास’ म्हणून वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, घ्यायचं आणि खाली चार-पाच मजले पार्किंगचेच काढायचे, प्रत्येक घराला दोन मोटारी. मग तिथले रहिवासी रेल्वेने का जातील? याला पुनर्विकास म्हणत नाहीत, हा खासगी वाहनतळ झाला, वर घरं असलेला. कॅलिफोर्नियाने 2022 साली मोठ्या स्थानकांपासून अर्ध्या मैलाच्या आत, किमान इतकं पार्किंग बांधलंच पाहिजे अशी बहुतेक सक्ती काढून टाकली. सक्ती काढणं ही पहिली पायरी. कमाल मर्यादा घालणं ही दुसरी, आणि ती बिल्डरला आवडत नाही.

वाढलेला भाव जातो कोणाच्या खिशात, हाही प्रश्न विचारा. हाँगकाँगमध्ये रेल्वे कंपनीला स्थानकांवरचे विकासाचे हक्क रेल्वे येण्यापूर्वीच्या भावाने मिळतात आणि पुढच्या नफ्यातून रेल्वेचा खर्च भागवायला मदत होते. सगळीकडे ते जसंच्या तसं जमणार नाही. पण सार्वजनिक पैशाने भाव चढवायचा आणि नफा शेजारच्या जमीनमालकाने न्यायचा, यापेक्षा ते बरं.

कोणी काय निवडावं

स्थानक जुन्या वस्तीत किंवा तिच्या कडेला असेल, एक किलोमीटरच्या आत माणसं राहत असतील, तर लगतची जमीन मोटारींना देऊ नका. अपंगांसाठी राखीव जागा, सोडायला-घ्यायला येणाऱ्यांसाठी छोटी मार्गिका, बसचा थांबा आणि सायकली एवढं पुरे. एका मोटारीच्या चौकटीत पाच-सहा दुचाकी किंवा दहाएक सायकली मावतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट स्थानकाखाली साडेबारा हजार सायकलींची सोय आहे. तितक्या मोटारी म्हटल्या तर तीसहून अधिक हेक्टर सपाट जागा लागली असती.

मार्गाचं टोक असेल, भोवती विखुरलेली गावं असतील आणि बस भरत नसेल, तर वाहनतळ द्या. रात्रपाळीवरून उशिरा परतणाऱ्या बाईला ‘बसने या’ सांगणं सोपं आहे, बस मात्र नसते. फक्त तो तळ स्थानकाच्या दाराला चिकटून नको. पाच मिनिटं चालावं लागेल इतका मागे सरकवा, म्हणजे दारातली जमीन पुढच्या वस्तीसाठी शिल्लक राहील. मालकी सार्वजनिक संस्थेकडेच ठेवा. ठरावात स्पष्ट लिहा की ही सोय अमुक वर्षांची आहे आणि बांधकाम सुरू झाल्यावर बदली जागा देण्याचं बंधन नाही.

आणि पैसे पहिल्या दिवसापासून घ्या, थोडे का होईना. तळ फुकट असला की आजवर घरापासून बसने येणारासुद्धा मोटार काढतो, आणि चालत येऊ शकणारा दोन किलोमीटरवरचा माणूस पहाटे येऊन जागा अडवतो. दर असा ठेवावा की दहा वाजता आलेल्यालाही थोड्या जागा मोकळ्या दिसाव्यात. तळ तुडुंब भरायला लागला तर नवा मजला मागण्याआधी दर वाढवून पाहा, आणि ती जादा रक्कम त्याच स्थानकाच्या बसफेऱ्यांवर खर्च करा.