पाच नावांच्या खालची यादी : फॅनग्राफ्सवर डॉजर्सच्या रोटेशनची आखणी

बेसबॉल संघ पुढील हंगामासाठी आपल्या स्टार्टिंग पिचरांची (सामन्याची सुरुवात करणाऱ्या गोलंदाजांची) आखणी कशी करतो, हे ज्यांना घरबसल्या समजून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी फॅनग्राफ्स या संकेतस्थळावरील दोन विभागांइतके उपयुक्त साधन माझ्या पाहण्यात दुसरे नाही. पहिला विभाग रोस्टररिसोर्स, ज्यात प्रत्येक संघाची आजची रचना एका पानावर मांडलेली असते. दुसरा डेप्थ चार्ट्स, ज्यात त्याच खेळाडूंना येत्या हंगामाच्या अंदाजित इनिंग (बेसबॉलच्या सामन्यात प्रत्येक संघाला मिळणारे नऊ छोटे डाव) वाटून दिलेल्या असतात. दोन्ही विभाग मी 2025 चा हंगाम संपल्यापासून लॉस एंजेलिस डॉजर्स या एकाच संघासाठी बारकाईने वापरले, आणि माझे मत असे झाले आहे की बहुतेक वाचक पहिल्या विभागातील वरची पाच नावे पाहून थांबतात, तर खरी आखणी दुसऱ्या विभागात आणि पहिल्या विभागाच्या तळाशी असते.

बेसबॉलशी फारशी ओळख नसलेल्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च स्पर्धेत संघ 162 सामने खेळतो आणि ते सहा महिन्यांत, जवळजवळ रोज खेळले जातात. सामन्याची सुरुवात करणारा पिचर साधारण 90 ते 100 चेंडू टाकतो आणि त्यानंतर त्याला किमान चार दिवस विश्रांती द्यावी लागते, म्हणून पाच किंवा सहा पिचर पाळीपाळीने सामने सुरू करतात; या पाळीलाच रोटेशन म्हणतात. 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात जसप्रीत बुमराहला पाचपैकी तीनच कसोटी सामने खेळवण्यात आले आणि त्यावर आपल्याकडे महिनाभर चर्चा झाली. बेसबॉलमध्ये तोच प्रश्न प्रत्येक संघाला पाच-सहा खेळाडूंच्या बाबतीत, संपूर्ण हंगामभर सोडवावा लागतो.

डॉजर्सचा 2025 चा हंगाम या साधनाच्या परीक्षेसाठी अत्यंत योग्य आहे. त्या वर्षी हंगामापूर्वी ज्यांच्याविषयी सर्वाधिक बोलले गेले ते पाच पिचर म्हणजे योशिनोबू यामामोतो, ब्लेक स्नेल, टायलर ग्लासनाऊ, शोहेई ओतानी आणि रोकी सासाकी. प्रत्यक्षात यामामोतोने 30 सामने सुरू केले, ग्लासनाऊने 18, ओतानीने 14, स्नेलने 11 आणि सासाकीने 8. यांची बेरीज 81 होते, म्हणजे 162 च्या बरोबर निम्मी. उरलेले निम्मे सामने ज्यांनी सुरू केले, त्यांच्यात सर्वांत पुढे क्लेटन कर्शॉ होता. हंगामाच्या सुरुवातीला तो दुखापतग्रस्तांच्या यादीत होता, तरीही पुढे त्याने 22 सामने सुरू केले आणि यामामोतोच्या खालोखाल संघात त्याचाच क्रमांक लागला. डॉजर्सने 93 सामने जिंकले आणि नंतर टोरांटो ब्लू जेजविरुद्ध सातव्या सामन्यात वर्ल्ड सिरीज ही अंतिम मालिकाही जिंकली. पण त्या विजयापर्यंत संघ पोहोचला तो पहिल्या पाचांच्या बरोबरीने त्यांच्या खालच्या नावांमुळे. याच्या अगदी उलट उदाहरण 2003 च्या सिॲटल मरिनर्सचे आहे. जेमी मोयर, फ्रेडी गार्सिया, होएल पिनेरो, रायन फ्रँकलिन आणि गिल मेश या पाचच पिचरांनी त्या संघाचे सर्व 162 सामने सुरू केले. हे इतके दुर्मीळ आहे की त्यावर कोणीही आखणी बेतू नये.

आता प्रत्यक्ष साधनाकडे वळू. रोस्टररिसोर्स हे मूळचे जेसन मार्टिनेझ यांनी सुरू केलेले काम. पुढे फॅनग्राफ्सने ते आपल्यात सामावून घेतले. संघाच्या पानावर फलंदाजीचा क्रम, राखीव खेळाडू, रोटेशन आणि बुलपेन (स्टार्टरनंतर सामन्यात येणारे पिचर) दिसतात, त्याखाली दुखापतग्रस्तांची यादी आणि त्यानंतर मायनर लीगमधील, म्हणजे संघाच्या खालच्या पातळीवरील खेळाडू. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती प्रत्येक नावापुढे दिलेली ऑप्शनची माहिती. मुख्य संघ ज्यातून निवडला जातो त्या चाळीस जणांच्या यादीतील खेळाडूला इतर संघांना तो घेण्याची संधी न देता मायनर लीगमध्ये पाठवण्याची मुभा संघाला सर्वसाधारणपणे तीन हंगाम मिळते, त्यांना ऑप्शन म्हणतात. 2022 पासून एका हंगामात एका खेळाडूला अशा प्रकारे पाचपेक्षा अधिक वेळा पाठवता येत नाही. ऑप्शन शिल्लक असलेला सातवा किंवा आठवा स्टार्टर ओक्लाहोमा सिटीच्या ट्रिपल-ए (मायनर लीगची सर्वांत वरची पायरी) संघात खेळत राहतो आणि गरज पडताच बोलावला जातो. ऑप्शन संपलेला तितकाच चांगला पिचर एक तर मुख्य संघात राहतो किंवा हातचा जातो. गुणवत्तेत तुल्य असलेल्या दोन तरुण पिचरांपैकी एप्रिलमध्ये मुख्य संघात कोण दिसेल, हे पुष्कळदा या एका आकड्यावरून ठरते, आणि वृत्तपत्रांतील लेखांत तो आकडा क्वचितच सापडतो.

डेप्थ चार्ट्सचे काम वेगळे आहे. डॅन झिम्बोर्स्की यांची झिप्स आणि स्टीमर या दोन गणिती पद्धती प्रत्येक पिचरच्या मागील काही हंगामांवरून, वयावरून आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे मोफत दिलेला बेस), होम रन (मैदानाबाहेर गेलेले फटके) यांच्या प्रमाणावरून त्याच्या पुढील कामगिरीचा अंदाज बांधतात. फॅनग्राफ्स या दोन्हींचा मेळ घालते आणि कोण किती इनिंग टाकेल याचा अंदाज मात्र आपल्या लेखकांच्या हाताने भरते. ही विभागणी मला अत्यंत समंजस वाटते, कारण कामगिरीचा दर्जा गणिताला बऱ्यापैकी कळतो, पण खांद्याच्या शस्त्रक्रियेतून परतणाऱ्या पिचरवर संघ किती भार टाकेल हे माणसालाच ठरवावे लागते. स्टार्टरांच्या तक्त्यात पाचांवर न थांबता पुढची नावेही त्यांच्या वाट्याच्या इनिंगसह दिलेली असतात. हा तक्ता वाचू लागल्यावर ‘पाचवा स्टार्टर कोण’ हा हिवाळ्यातला आवडता वाद गौण ठरतो आणि ‘एकूण इनिंग कोठून येणार’ हा प्रश्न पुढे येतो.

त्या प्रश्नाचे उत्तर मी स्वतः मांडून पाहिले, आणि वाचकांनीही हे करून पाहावे अशी माझी शिफारस आहे. स्टार्टरने सामन्यामागे सरासरी 5.2 इनिंग टाकल्या असे धरले, तर 162 सामन्यांसाठी सुमारे 840 इनिंग लागतात. माझ्या अंदाजाने यामामोतोला 165, स्नेलला 120, ग्लासनाऊला 115, ओतानीला 120, सासाकीला 100 आणि एमेट शीहनला 120 द्यावेत. ही बेरीज 740 होते, म्हणजे सहा जणांनी आपापला वाटा पूर्ण उचलला तरी 100 इनिंग उरतात. शिवाय हे आकडे उदार आहेत. ओतानीने 2025 मध्ये नियमित हंगामात 47 इनिंग टाकल्या, सासाकीने 36 हून थोड्या अधिक आणि शीहनने 73 हून थोड्या अधिक. कर्शॉ निवृत्त झाला आहे आणि डस्टिन मे हा स्टार्टर जुलै 2025 मध्येच बोस्टनच्या संघात गेला आहे. उरलेला भार जस्टिन रोबलेस्की, गॅविन स्टोन आणि रिव्हर रायन यांच्यावर येणार, आणि यांपैकी स्टोन व रायन या दोघांचाही संपूर्ण 2025 हंगाम शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीत गेला. म्हणून या संघाच्या पानावर मी ज्या नावांकडे सर्वाधिक वेळ पाहतो ती सातवी ते दहावी आहेत.

या साधनाची माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव इथेच जाणवते. तक्त्यात प्रत्येक पिचरसमोर इनिंगचा एकच आकडा असतो. तो किती खात्रीचा आहे हे त्याच तक्त्यात कोठेही दिसत नाही. यामामोतोचा 165 आणि स्नेलचा 120 हे दोन वेगळ्या जातीचे आकडे आहेत. स्नेलने आपल्या कारकिर्दीत 130 इनिंगची मर्यादा केवळ दोनदा ओलांडली, 2018 मध्ये आणि 2023 मध्ये. दोन्ही वेळा तो 180 च्या आसपास पोहोचला आणि दोन्ही वेळा त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. 2017, 2021 आणि 2022 या तीन वर्षी तो 128 ते 129 वर थांबला, 2024 मध्ये 104 वर, आणि डॉजर्सशी 5 वर्षांचा 18 कोटी 20 लाख डॉलरचा करार केल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात खांद्याच्या दुखण्यामुळे 61 वर. ग्लासनाऊची सर्वोच्च नोंद 2024 मधील 134 इनिंगची आहे. त्यापलीकडे तो कधीच गेलेला नाही. हे दोघे वर्षाच्या कोणत्या महिन्यांत उपलब्ध असतील हे कोणीच सांगू शकत नाही, हे मान्य. तरीही कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशी दोन टोके आकड्याशेजारी दिली, तर वाचकाची समज किती तरी वाढेल. एखाद्या आकड्यामागे लेखकाने काय विचार केला, याची एक ओळदेखील तक्त्यात नसते, हेही मला खटकते.

दुसरी उणीव सहा जणांच्या रोटेशनविषयी आहे. जपानमधील व्यावसायिक लीगमध्ये स्टार्टर आठवड्यातून एकदाच पिचिंग करतो. यामामोतो आणि सासाकी त्याच शिस्तीत घडले, आणि ओतानीलाही दोन सामन्यांमध्ये अधिक दिवस लागतात, कारण तो उरलेल्या दिवशी फलंदाजी करत असतो. सहा जणांची पाळी लावली तर प्रत्येकाच्या वाट्याला 27 सामने येतात. पाच जणांची लावली तर 32. इतर संघांना सहावा स्टार्टर परवडत नाही, कारण 26 जणांच्या संघात पिचरांची मर्यादा 13 आहे आणि सहावा स्टार्टर घेतला की बुलपेनमध्ये सातच उरतात. ओतानी दुहेरी खेळाडू म्हणून नोंदलेला असल्याने त्या तेरांत मोजला जात नाही, त्यामुळे डॉजर्सना सहा स्टार्टर ठेवूनही बुलपेनमध्ये आठ ठेवता येतात. माझ्या मते हा त्यांच्या संपूर्ण आखणीचा पाया आहे. रोस्टररिसोर्सच्या पानावरून ही गोष्ट नियम आधीच ठाऊक असलेल्या वाचकालाच कळते. इतरांना समोर केवळ एक नाव अधिक दिसते.

सासाकीच्या बाबतीत मात्र मी पानावरील रचनेशी पूर्ण सहमत होण्यास कचरतो. खांद्याच्या दुखापतीनंतर तो 2025 च्या अखेरीस परतला तो सामना संपवणारा पिचर म्हणून, आणि त्या भूमिकेत त्याचा चेंडू पुन्हा वेगवान दिसला. संघाने त्याला पुन्हा स्टार्टर करण्याचा मनोदय व्यक्त केला आहे आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. चोवीस वर्षांच्या पिचरला एका इनिंगच्या कामात बांधून ठेवणे हा अपव्यय ठरेल. तरी फास्टबॉल आणि स्प्लिटर (फलंदाजाजवळ येताना खाली पडणारा चेंडू) यांच्या जोडीला तिसरा विश्वासार्ह चेंडू बसवेपर्यंत त्याच्या 100 इनिंग कागदावरच्या आहेत, असे मी धरून चालतो. अशा प्रश्नासाठी फॅनग्राफ्सच्या जोडीला मेजर लीगचेच बेसबॉल सॅव्हंट हे संकेतस्थळ उघडावे. तेथे प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी आणि वळण मोफत पाहता येते, आणि वसंतातील सराव सामन्यांत पिचरचा वेग परतला आहे की नाही हे अंदाजाच्या आकड्यांपेक्षा तेथे आधी कळते. उलट करार, ऑप्शन आणि इनिंगची वाटणी यांबाबत सॅव्हंट काहीच सांगत नाही. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात सांगतो. या लेखात वर्णन केलेली पाने पाहण्यास पैसे लागत नाहीत. सदस्यत्व घेतल्यास जाहिराती नाहीशा होतात, आणि इतक्या श्रमाने अद्ययावत ठेवलेल्या कामासाठी ते घेणे मला रास्त वाटते. रुंद तक्ते मोबाइलवर वाचणे कष्टाचे आहे, तेव्हा संगणक वापरावा. नव्या वाचकाला संक्षेपांची अडचण येईल. त्यासाठी संकेतस्थळावरच चांगला शब्दकोश आहे, आणि सुरुवातीला इनिंग, ऑप्शन व एफआयपी एवढे तीन स्तंभ समजले तरी पुरते. एफआयपी म्हणजे क्षेत्ररक्षकांचा वाटा बाजूला ठेवून केवळ स्ट्राइकआउट, वॉक, हिट बाय पिच (फलंदाजाच्या अंगाला लागलेले चेंडू) आणि होम रन यांवरून काढलेला पिचरचा दर्जा.

हे पान हिवाळ्यात एकदा पाहून सोडून देऊ नये. फेब्रुवारीच्या मध्यास ॲरिझोनातील ग्लेनडेल येथे डॉजर्सचे पिचर आणि कॅचर सरावासाठी जमतात, आणि तेव्हापासून दुखापतग्रस्तांची यादी बदलू लागते. त्या आठवड्यांत स्टोन आणि रायन या दोघांपुढचा इनिंगचा आकडा वाढतो की घटतो, याची नोंद ठेवावी.